वाचनालयाचें पत्र

वाचनालयाकडून सभासदाच्या घरीं जीं पत्रें येतात त्यांचा नमुना बहुतेक ठरलेला असतो. पुस्तकाची मुदत संपली, सबब तें दंडासह परत करावें, हें पहिलें. वर्गणी थकली आहे, ती अमुक तारखेच्या आंत भरावी, हें दुसरें. आणि वर्षांतून एकदां सर्वसाधारण सभेची सूचना येते. तिच्यासोबत अहवाल असतो, व त्यांत पुस्तकें किती, सभासद किती, शिल्लक किती, हें सारें आंकड्यांनीं मांडलेलें असतें. हल्लीं यांपैकीं पहिलीं दोन पत्रें मोबाईलवर येऊं लागलीं आहेत, एवढाच काय तो फरक. अमुक एक पुस्तक नवें आलें आहे, तें तुमच्या घरांतील अमक्या वयाच्या माणसाला आवडेल, किंवा वीस वर्षें कपाटांत पडून असलेलें तमुक पुस्तक एकदां उघडून पाहण्याजोगें आहे, अशा मजकुराचें पत्र मात्र फारच क्वचित येतें. ज्या संस्थेचा सर्व व्यवहार अक्षरांचा, तिनें आपल्या माणसांशीं केवळ सावकारासारखा पत्रव्यवहार ठेवावा, हें आम्हांला नेहमीं चमत्कारिक वाटत आलें आहे.

आमच्या पुण्यांत वाचनालयांना तोटा नाहीं. जुनीं आहेत, नवीं आहेत. पेठांत आहेत, तशीं पेठांबाहेरच्या वसाहतींतहि आहेत. तरी वाचनालयाच्या कोणत्याहि सभेस जावें तर एकच तक्रार कानांवर येते, कीं वाचक राहिला नाहीं. या तक्रारींत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. लोकांचा वेळ खाणाऱ्या गोष्टी पूर्वींपेक्षां पुष्कळ झाल्या आहेत, हें उघड आहे. परंतु वाचक राहिला नाहीं म्हणण्यापूर्वीं तो कोठें बसला आहे, हें तरी वाचनालयांनीं पाहिलें आहे काय, अशी आम्हांस शंका आहे.

आमचेंच घर घ्या. वाचनालयाच्या वहींत नांव एकट्या थोरल्या बंधूंचें; घरांत वाचणारीं माणसें लहानथोर मिळून आठ. पुस्तक बदलून आणण्याचें काम ज्या मुलाला त्या दिवशीं दुसरें काम नसेल त्याचें. हा दूत नेहमीं घाईंत असतो. त्याच्या मनाशीं घरचें वर्गीकरण पक्कें असतें: आत्याबाईंना कांहींतरी धार्मिक, वहिनींना कादंबरी, बंधूंना जाड पुस्तक. त्याप्रमाणें खिडकीशीं जें हाताला लागेल तें तो उचलतो. आत्याबाईंचें वय अठ्ठ्याहत्तर. गुडघ्यांमुळें वाचनालयाचा जिना चढून त्यांना दहा वर्षें झालीं. त्या एकदां त्याला म्हणाल्या, "अरे, पोथ्या माझ्या पाठ आहेत. मला माणसांच्या गोष्टी आण." पण कोणत्या माणसांच्या गोष्टी तेथें आहेत, हें त्यांना घरीं बसून कसें कळावें? वाचनालयांत "नवीन दाखल पुस्तकें" असा फळा असतो, ही गोष्ट खरी. तो फळा जो जिना चढून येतो त्याच्यासाठीं. म्हणजे ज्याला बोलावण्याची गरज नाहीं, नेमक्या त्यालाच आमंत्रण! वाचनालयाच्या हिशेबीं आमच्या घरांत वाचक एक आहे. आठांपैकीं सातजण त्याच्या दृष्टीला पडलेलेच नाहींत, आणि एकत्र कुटुंबांतून पुण्यांत असे सात कितीतरी असतील.

ही स्थिति आरंभापासून अशीच होती असें समजण्याचें कारण नाहीं. पुण्याचें सर्वांत जुनें सार्वजनिक वाचनालय म्हणजे पुणें नगर वाचन मंदिर. तें १८४८ सालीं बुधवारवाड्यांत निघालें. त्या वेळचे न्यायाधीश हेन्‍री ब्राऊन यांच्या साहाय्यानें पुस्तकें जमवून तें उभें करण्यांत ज्यांचा पुढाकार होता, ते गोपाळराव हरि देशमुख तेव्हां अवघे पंचवीस वर्षांचे होते. त्याच सालीं, भाऊ महाजनांच्या "प्रभाकर" साप्ताहिकांत, "लोकहितवादी" या सहीनें त्यांचीं पत्रें येऊं लागलीं. पुढें तीं शतपत्रें म्हणून प्रसिद्धीस आलीं, आणि मोजलीं तर एकशें आठ भरलीं. आपण शाळेंत या दोन गोष्टी निरनिराळ्या शिकतों: लोकहितवादी हे पत्रलेखक, आणि लोकहितवादी हे वाचनालयाचे एक संस्थापक. आम्हांला मात्र त्या एकाच उद्योगाच्या दोन बाजू वाटतात. पुस्तकें एका जागीं आणून ठेवलीं म्हणजे लोक आपण होऊन तीं वाचतील, असा भाबडा समज त्या तरुण गृहस्थांचा खास नव्हता. अर्थ न कळतां पाठ म्हणणाऱ्या आपल्या जातभाईंना त्यांनीं त्या पत्रांतून काय काय ऐकविलें, तें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं; ज्यांच्या घरीं शतपत्रें आहेत त्यांना तें ठाऊक आहे, आणि पुष्कळांना तें अजून झोंबतें. सांगावयाचें तें इतकेंच कीं, एका हातानें पुस्तकाचें कपाट उघडावें व दुसऱ्या हातानें लोकांच्या घरीं पत्र धाडावें, ही रीत पुण्यांतील पहिल्या वाचनालयाइतकीच जुनी आहे. पुढें कपाट राहिलें आणि पत्र सुटलें.

ही रीत पुढें कोणीं चालविली असेल तर ती बडोद्यानें. सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं बॉर्डन नांवाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आणून संस्थानांत वाचनालयांचें जाळें विणलें, ही हकीकत पुष्कळांच्या वाचनांत आली असेल. खेडोपाडीं फिरणाऱ्या पुस्तकांच्या लांकडी पेट्यांचें कौतुकहि बरेंच झालें आहे. त्या मानानें एका गोष्टीकडे दुर्लक्ष झालें. १९१२ पासून कांहीं वर्षें बडोद्याहून "लायब्ररी मिसेलनी" नांवाचें त्रैमासिक निघत असे, आणि तें इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत असे. कुडाळकर हे त्याचे संपादक. वाचनालयाचें स्वतःचें नियतकालिक असावें आणि तें ज्याच्या त्याच्या भाषेंत असावें, हा विचार एका मराठी राजाच्या राज्यांत शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं अंमलांत आला होता. पेटी गांवांत जाई, पण पेटीच्या आधीं शब्द जाई.

त्याच सुमारास तिकडे अमेरिकेंत, न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्क गांवीं, जॉन कॉटन डेना या ग्रंथपालानें आपल्या वाचनालयाचें "न्यूअर्कर" नांवाचें मासिक १९११ सालीं सुरू केलें. व्यापारी आणि कारागीर अशा, वाचनालयाच्या वाटेस सहसा न जाणाऱ्या लोकांपर्यंत, तुमच्या कामाचें कांहीं आमच्याकडे आहे हें पोहोंचविण्याची त्याला मोठी हौस. आपल्याकडे रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम सांगितले. प्रत्येक वाचकास त्याचें पुस्तक मिळावें, हा दुसरा. प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळावा, हा तिसरा. दुसऱ्या नियमाची आठवण सभांतून वारंवार निघते, कारण वाचक तक्रार करूं शकतो. पुस्तकाला तोंड नसतें. त्याची बाजू घेऊन कोणीतरी बोलावें लागतें. आणि तें बोलणें ग्रंथपालाचें नव्हे तर कोणाचें? खाजगी धंद्यांतील मंडळींना हें केव्हांच उमगलें आहे. मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळ्यांनीं १९६४ सालीं "ललित" मासिक काढलें, तें पुस्तकांविषयीं लोकांशीं बोलावें म्हणूनच. ज्याला पुस्तक विकावयाचें आहे तो बोलतो; ज्याला नुसतें वाचावयास द्यावयाचें आहे तो गप्प राहतो.

येथें कोणी म्हणेल, वाचनालयें याद्या छापतातच कीं. याद्यांविषयीं आम्हांला मोठा आदर आहे. शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची तयार केली, तिच्यामागचे श्रम मनांत आणले तर हात जोडावेसे वाटतात. परंतु सूची ही शोधणाऱ्यासाठीं असते. काय शोधावें हेंच ज्याला माहीत नाहीं, त्याला सूचीनें काय सांगावें? गोडसे भटजींच्या "माझा प्रवास" या पुस्तकाचेंच पाहा. यादींत तें कोठें असतें? "प्रवासवर्णन" या सदराखालीं, काश्मीर, युरोप आणि चारधाम यांच्या मध्यें दडपलेलें. झांशीच्या राणीविषयीं कांहीं वाचावें असें ज्या मुलीच्या मनांत असेल ती "चरित्रें" पाहील, "इतिहास" पाहील, आणि परत जाईल.

आमच्या पेठेंतील एका लहान वाचनालयांत कांहीं वर्षांपूर्वीं एक बाई ग्रंथपाल होत्या. दर सोमवारीं त्या फळ्यावर एका पुस्तकाविषयीं चार-पांच ओळी लिहीत. नवेंच पुस्तक असलें पाहिजे असा त्यांचा आग्रह नसे. एका सोमवारीं त्यांनीं लिहिलें तें साधारण असें होतें: वरसईचे एक भिक्षुक घरचें कर्ज फेडावें म्हणून दक्षिणा मिळवावयास उत्तरेकडे निघाले, आणि वाटेंत त्यांना सत्तावन सालचें बंड गांठ पडलें. झांशीला वेढा पडला तेव्हां ते शहरांत होते. राणीला त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. मिळालें तें लुटलें गेलें. घरीं आणली ती गंगेची कावड. हें सर्व त्यांनीं स्वतः लिहून ठेवलें आहे, आणि तें पुस्तक दुसऱ्या कपाटांत आहे.

आमच्या पुतण्यानें त्या फळ्याचें छायाचित्र काढून मोबाईलवर घरीं पाठविलें. संध्याकाळपर्यंत तें सर्वांनीं वाचलें होतें, आणि पुस्तक मागणारीं तीन माणसें निघालीं; त्यांत आत्याबाई पहिल्या. "भिक्षुक आणि बंडांत? आणा पाहूं," एवढेंच त्या म्हणाल्या. पुढें रोज रात्रीं जेवणें झाल्यावर वहिनी तें मोठ्यानें वाचीत. एरव्हीं त्या वेळीं जो तो आपापल्या खोलींत आपापल्या पडद्याकडे पाहत बसे. ते दहा-बारा दिवस सारें घर ओटीवर असे. कर्ज किती होतें, दक्षिणा किती मिळाली, याचा हिशेब आत्याबाई स्वतः ठेवीत, आणि वाचणारा चुकला तर दुरुस्त करीत. पुढें बंधूंना समजलें कीं, चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रतींत बरेच फेरफार आहेत, व दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं मूळ हस्तलिखितावरून ती हकीकत पुन्हां छापली. म्हणून तीहि मागविली गेली. फळ्यावरच्या पांच ओळींनीं एवढें काम केलें. पुस्तक त्या कपाटांत पूर्वींहि होतेंच. मागच्या चिठ्ठीवर आधींच्या कित्येक वर्षांत दोन तारखा पडलेल्या होत्या.

त्या बाई निवृत्त झाल्या. फळा अजून आहे. त्यावर आतां सुट्यांच्या सूचना आणि सत्कारसमारंभांचीं निमंत्रणें असतात. त्यानंतर दीड-दोन वर्षांनीं जागेची अडचण म्हणून तेथील पुष्कळ जुनीं पुस्तकें आणि मासिकांचे बांधीव खंड रद्दींत गेले. आम्हां सभासदांना ही गोष्ट कळली ती आमच्या एका शेजाऱ्यांना रद्दीच्या दुकानांत वाचनालयाचा शिक्का असलेले दोन खंड मिळाले तेव्हां. चौकशी करतां उत्तर मिळालें कीं, दहा वर्षांत तीं पुस्तकें कोणीं नेलीं नव्हतीं. उत्तर खरें असेल. कोणीं नेलीं नाहींत, कारण तीं तेथें आहेत असें कोणीं सांगितलें नव्हतें. आणि तीं जाणार आहेत हेंहि कोणीं सांगितलें नाहीं. ज्या खंडांतून आपल्या आज्यांनीं पाककृति उतरवून घेतल्या आणि आजोबांनीं वाद घातले, ते एका ओळीच्या सूचनेनें पेठेंतल्या पांच-पन्नास घरांनीं आनंदानें उचलून नेले असते. जागेची अडचण आम्ही समजूं शकतों. न सांगण्याला मात्र जागा लागत नाहीं, आणि सांगण्यालाहि नाहीं.

खर्चाची व माणसांची सबब पुढें येईल हें आम्ही जाणतों. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या कायद्यान्वयें अ, ब, क, ड असे वर्ग पडले, आणि वर्गाप्रमाणें सरकारी अनुदान ठरलें. खालच्या वर्गांतील ग्रंथपालाला जें मिळतें त्यांत त्यानें दार उघडून झाडूनलोटून पुस्तकें दिलीं-घेतलीं, हेंच पुष्कळ. त्याच्यावर आणखी लेखनाचें ओझें टाकणें आम्हांला न्यायाचें वाटत नाहीं. पण छपाईचा व टपालाचा खर्च, जो बडोदेकरांना करावा लागला, तो आज उरलेला नाहीं. प्रत्येक घरीं मोबाईल आहे आणि पांच ओळी तेथें फुकट पोहोंचतात. राहिला प्रश्न लिहावयाचें कोणीं याचा. पुण्यांत निवृत्त शिक्षक, प्राध्यापक, बँकेंतले अधिकारी यांची टंचाई आहे असें अद्याप कोणीं ऐकलेलें नाहीं. त्यांतले कित्येकजण सकाळीं उठून ओळखीच्या शंभर माणसांना फुलांच्या चित्रांसह सुप्रभात कळवीत असतात. त्याच श्रमांत पुस्तकाविषयीं पांच ओळी होतात.

हें पत्र कसें असावें याविषयीं आमचीं मतें जरा आग्रहाचीं आहेत. तें संस्थेच्या नांवानें नको, माणसाच्या नांवानें हवें. "वाचकांनीं लाभ घ्यावा" असें जेथें लिहिलेलें असतें तेथें लाभ घेण्यासारखें कांहीं नसावें, असा आमचा अनुभव आहे. मान्यवरांच्या हस्तें झालेल्या प्रकाशनांचीं छायाचित्रें त्यांत नकोत. प्रत्येक पुस्तक उत्तम म्हणून सांगूं नये. एखादें मध्येंच कंटाळवाणें होतें पण शेवट चांगला आहे, असें लिहिणाऱ्यावर वाचकाचा विश्वास बसतो. त्याला उलट उत्तर पाठवितां यावें, व चांगलें उत्तर आलें तर पुढच्या पत्रांत त्याला जागा मिळावी; नाहीं तर तें पत्र राहत नाहीं, जाहीरनामा होतो.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती एकत्र कुटुंबांत राहणारांनाच नीट कळेल. कोणीं कोणतें पुस्तक नेलें, हें त्या पत्रांत कधींहि येतां कामा नये, स्तुति म्हणूनसुद्धां नये. घरांतल्या सुनेनें काय वाचलें, मुलानें काय वाचलें, याची जाहीर नोंद होऊं लागली तर दुसऱ्या दिवसापासून तीं पुस्तकें जाणें बंद होईल. वाचनालयाच्या वहीची गुप्तता डॉक्टरच्या वहीपेक्षां आम्ही कमी मानीत नाहीं.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननें "ग्रंथ तुमच्या दारीं" हा उपक्रम काढला, त्यांत मराठी पुस्तकांच्या पेट्या दूरदूरच्या गांवीं, दुबईसारख्या परदेशांतल्या मराठी मंडळींकडेहि पोहोंचल्या. पेटी ज्यांच्या घरीं येते ते तेथें एकमेकांना सांगून वाचतात. आमच्या पेठेंत पेटीची गरज नाहीं, वाचनालय चार घरांपलीकडे आहे. उणीव आहे ती सांगण्याची.

म्हणून आमच्या शेजारच्या दोघा निवृत्त गृहस्थांनीं आणि वहिनींनीं मिळून येत्या श्रावणापासून त्याच वाचनालयासाठीं दर पंधरवड्यास एक पत्र लिहावयाचें ठरविलें आहे. कार्यकारी मंडळानें संमति दिली. दोन सभासदांनीं प्रथम अध्यक्षांचें मनोगत असावें असें सुचविलें, तें सौजन्यानें बाजूस ठेवण्यांत आलें. पहिल्या पत्रांत चार पुस्तकें आहेत, त्यांतलीं तीन आत्याबाईंनीं निवडलेलीं. ज्यांना मोबाईलवरचीं अक्षरें दिसत नाहींत त्यांच्यासाठीं तें मोठ्या अक्षरांत कागदावर काढून पेठेंतल्या वाड्यांतून व इमारतींतून हातोहात द्यावयाचें आहे; तें काम मुलांनीं पत्करलें आहे. सध्यांच्या ग्रंथपालांची हरकत नाहीं. त्यांनीं एकच अट घातली, कीं पत्रांत ज्या पुस्तकाचें नांव यावयाचें तें कपाटांत खरोखर आहे कीं नाहीं, हें आदल्या दिवशीं येऊन कोणीतरी पाहून जावें.